मागील चाके की चारही चाके? वेग आणि आनंद यांचे गणित वेगळे

वेगवान मोटारीच्या इंजिनाची शक्ती केवळ मागील चाकांना द्यावी की चारही चाकांना, हा वाहनप्रेमींमधील जुना वाद आहे. घड्याळाचा कौल बहुतेक वेळा चारही चाकांच्या, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्हच्या बाजूने जातो. मात्र चालविण्याचा आनंद घड्याळावर मोजता येत नाही. त्यामुळेच मागील चाकांच्या बळावर धावणाऱ्या, म्हणजे रिअर-व्हील ड्राइव्ह मोटारींचे आकर्षण आजही टिकून आहे.

टायरची रस्त्यावरील पकड मर्यादित असते. वेग घेणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही कामांसाठी तीच पकड वापरली जाते. रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढील चाके दिशा देतात आणि मागील चाके मोटार पुढे ढकलतात. पुढील चाकांवर इंजिनाचा जोर नसल्याने रस्त्याची जाणीव स्टिअरिंगमधून अधिक स्पष्टपणे हातापर्यंत पोहोचते. अॅक्सिलरेटर कमी-अधिक करून वळणातील मोटारीचा कोनही बदलता येतो. मात्र जोर प्रमाणाबाहेर गेल्यास मागील चाके घसरतात आणि मोटार सावरण्याचे कौशल्य चालकापाशी असावे लागते.

ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये हाच जोर चार टायरांत विभागला जातो. १९८० मध्ये दाखल झालेल्या ऑडी क्वाट्रोने जागतिक रॅली स्पर्धेत या रचनेची ताकद सिद्ध केली. १९८३ मध्ये लान्सिया ०३७ या मोटारीने मिळविलेले उत्पादकांचे विजेतेपद हे रिअर-व्हील ड्राइव्हचे तेथील अखेरचे ठरले.

बीएमडब्ल्यूच्या २०२१ च्या एम३ कॉम्पिटिशनमध्ये हा फरक आकड्यांत दिसला. ५१० अश्वशक्तीचे तेच इंजिन असताना रिअर-व्हील ड्राइव्ह मोटार शून्यावरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.९ सेकंदांत गाठत असे, तर ऑल-व्हील ड्राइव्ह मोटार ३.५ सेकंदांत. त्यासाठी वजन मात्र सुमारे ५० किलोंनी वाढत असे.

दोन्ही बाजू सांभाळण्याचा प्रयत्न याच कंपनीने २०१७ मध्ये सादर केलेल्या एम५ मध्ये केला. ही मोटार प्रथमच ऑल-व्हील ड्राइव्हसह आली. तरीही स्थैर्य नियंत्रण पूर्ण बंद केल्यावर सारी शक्ती मागील चाकांना देण्याची सोय तिच्यात ठेवण्यात आली. पोर्शेची ९११ जीटी३ तर आजही केवळ मागील चाकांवरच धावते.

निवड करताना एक गैरसमज टाळायला हवा. ऑल-व्हील ड्राइव्हमुळे ओल्या रस्त्यावर वेग घेणे सोपे होते, थांबणे नव्हे. ब्रेक तर प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतात. थांबण्याचे अंतर टायर, रस्ता आणि वेग यांवर ठरते. पावसाळ्यात घाटातून उतरताना सहज मिळालेला वेगच धोक्याचा ठरू शकतो.

वर्षभर, सर्व हवामानांत वेगवान प्रवास करायचा असेल, तर ऑल-व्हील ड्राइव्ह सोयीची. मोटारीशी संवाद साधत चालविण्याची कला शिकायची असेल, तर कमी शक्तीची, हलकी रिअर-व्हील ड्राइव्ह मोटार अधिक समाधान देते. मात्र तिच्या मर्यादा अजमावण्याची जागा सार्वजनिक रस्ता नसून शर्यतीचा ट्रॅक आहे.