हजाराच्या भावातली वीट

दिवाळी सरली, भाताची कापणी उरकली की शहापूर, वाडा, भिवंडी, कर्जतकडे नदीकाठच्या मोकळ्या शेतांत वीटभट्ट्या लागतात. काठाला गाळाची माती आणि पाणी, भातगिरण्यांतून तूस आणि गिऱ्हाईक मुंबई-ठाण्याचं. भट्टीला याहून सोयीची जागा नाही. मात्र पावसाआधी सगळं आटोपायला हवं. कच्च्या विटांवर एक वळीव कोसळला की त्यांचा पुन्हा चिखल.

माती भिजवायची, तूस मिसळून तुडवायची, साच्यात थापून वीट पाडायची, वाळवायची. हा तूस भट्टीत जळतो, म्हणून वीट आतूनही भाजते. खरी कारागिरी भट्टी रचण्यात. आपल्याकडच्या बऱ्याच भट्ट्यांना चिमणी नसतेच. वाळलेल्या विटांचे थर, मधे कोळसा नि तूस, बाहेरून मातीचा लेप. पेटवली की कित्येक दिवस धुमसत राहते. आच सगळीकडे सारखी लागत नाही. कडेच्या विटा पिवळट, कच्च्या राहतात. जाळाला भिडलेल्या वितळून काळपट, वेड्यावाकड्या होतात, ती खंगर. मधल्या लाल, खणखणीत. प्रतवारी आगच करून देते, विकणाऱ्याला ती फक्त लपवता येते. म्हणून ट्रकच्या वरच्या थरावर भाळू नये. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज यायला हवा. नखाने ओरखडा उठता कामा नये. दिवसभर पाण्यात बुडवलेल्या विटेचं वजन वीस टक्क्यांहून जास्त वाढू नये, असं भारतीय मानक सांगतं.

वीट विकली जाते हजारावर आणि ती पाडणाऱ्याची मजुरीही ठरते हजारावरच. ठाणे, पालघर, रायगडात हे काम मुख्यतः कातकरी करतात. एकट्या माणसाला नव्हे, जोडप्याला धरतात. पोरंही मागोमाग भट्टीवर येतात आणि शाळा सुटते. पावसाळ्यात घरात काही नसतं तेव्हा घेतलेला बयाणा हंगामभर फेडायचा, आठवड्याला मिळणारी खर्चीही त्यातच धरायची. वही मालकाकडे. हिशेबात देणं उरलं की पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 सालचा आहे, हे इथे मुद्दाम सांगावं लागतं.

कोराडी, चंद्रपूर, एकलहरेसारख्या वीजकेंद्रांच्या राखेपासूनही विटा होतात. त्या भाजाव्या लागत नाहीत, त्यांना सुपीक मातीही लागत नाही. राखेच्या वापराबाबत केंद्र सरकारने 1999 मध्ये काढलेल्या अधिसूचनेनंतर त्यांचा वापर वाढला, तरी लाल विटेचा बाजार उठलेला नाही.

तेव्हा बांधकाम काढलंत तर विटा जरूर पारखून घ्या. आणि हजाराचा भाव ठरवताना त्यातले पाडणाऱ्याला किती मिळतात, तेही भट्टीवाल्याला विचारा.