आभाळ भरलं म्हणून उड्डाण थांबत नाही

मोबाइलवर पावसाचं चिन्ह दिसलं की जुहू-विलेपार्ल्यात अनेकजण धरून चालतात, आज जुहूहून हेलिकॉप्टरं उडणार नाहीत. यात पहिली गफलत आहे ती अंदाज आणि निरीक्षण एकच मानण्याची. अंदाज लागतोच. इंधन किती घ्यायचं, पर्यायी विमानतळ कोणता ठरवायचा, हे त्यावरून ठरतं. पण उतरताना वैमानिकाला हवी असते ती आत्ताची, तिथलीच मोजणी. म्हणून मुंबई विमानतळाची हवामान नोंद दर अर्ध्या तासाने निघते. मध्येच स्थिती बिघडली तर विशेष नोंद वेगळी.

दुसरा समज, पाऊस म्हणजे धोका. खरं तर अडवतात ते खाली आलेले ढग, घटलेली दृश्यमानता, आडवा वारा आणि पाणी साचलेली धावपट्टी. जे. आर. डी. टाटा 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. पण पुढे दर पावसाळ्यात त्या टपालसेवेला मुक्काम पुण्याला हलवावा लागे, कारण समुद्रालगतचं जुहूचं सखल मैदान चिखलात जाई. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी चिखल लगेच वाळत नसे. जमिनीची अवस्था हीसुद्धा नोंदवण्याचीच गोष्ट आहे.

वायुदाबाला तर सर्वात कमी महत्त्व दिलं जातं. वादळाच्या बातमीपुरताच तो आठवतो. प्रत्यक्षात विमानातला नेहमीचा उंचीमापक हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची दाखवतो. समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे आठ मीटर. वैमानिकाने उंचीमापकावर लावलेला दाबाचा आकडा खऱ्या दाबापेक्षा दहाने जास्त असेल, तर विमान दाखवलेल्या उंचीपेक्षा जवळपास ऐंशी मीटर खाली असतं. ढगातून उतरताना एवढी चूक जीवघेणी ठरू शकते. म्हणूनच दाब 1006.8 भरला तरी वैमानिकाला 1006च सांगतात. अपूर्णांक सोडल्याने उंचीमापक किंचित कमी उंची दाखवतो आणि चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते. निरीक्षकाच्या कामातला हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो.

आणि एका ठिकाणची नोंद सगळ्या मुंबईला चालते, हा समज 26 जुलै 2005ने कायमचा मोडायला हवा होता. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सुमारे 25 किलोमीटरवरच्या कुलाब्याला 75सुद्धा नाही. जुहूहून तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरला तर याहून कितीतरी दूर जायचं असतं. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटर आत समुद्रात आहे. जुहूला लख्ख ऊन असलं तरी तिथला वारा आणि दृश्यमानता तिथूनच कळावी लागते. उतरायचं जहाजावर असेल, तर लाटांवर त्याचा डेक किती हेलकावतो तेही.