रक्तदान संस्था आणि सोशल मीडिया : निरोपापासून पिशवीपर्यंत

रक्ताचे वेळापत्रक

रक्त कारखान्यात तयार होत नाही आणि फार काळ साठवूनही ठेवता येत नाही. सीपीडीए-१ या द्रावणात घेतलेले रक्त ३५ दिवस टिकते. एसएजीएम हे द्रावण घालून ठेवलेल्या तांबड्या पेशी ४२ दिवस टिकतात, तर प्लेटलेट्स सतत हलत्या ठेवूनही केवळ ५ दिवस. १५ ऑगस्टच्या शिबिरात जमलेल्या ३५ दिवसांच्या पिशवीची मुदत १९ सप्टेंबरला संपते. मागणी मात्र रोजची असते : अपघात, बाळंतपण, शस्त्रक्रिया, कर्करोगावरील उपचार, आणि दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागणारी थॅलेसेमियाची मुले. म्हणून रक्तदानाच्या क्षेत्रातील सेवाभावी संस्थेचे खरे काम योग्य दाता योग्य आठवड्यात आणण्याचे आहे. सोशल मीडियाचा या कामी किती उपयोग होतो आणि तो कुठे तोकडा पडतो, हे या वेळापत्रकावरूनच ठरते.

वहीपासून मोबाइलपर्यंत

'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा बंद झाली. रक्त विकणाऱ्याला आपला आजार लपवण्याचे कारण असते, स्वेच्छेने देणाऱ्याला ते नसते. निर्णयामागे हा सुरक्षिततेचा विचार होता. त्यानंतर सगळा भार स्वैच्छिक दात्यांवर आणि रुग्णाच्या नातेवाइकांवर आला. गावोगावच्या रक्तदान मंडळांकडे तेव्हा रक्तगटानुसार नावे लिहिलेली वही असे आणि रात्री-अपरात्री ती उघडून फोन लावणारा एखादा कार्यकर्ता असे. तीच वही पुढे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत उतरली. १ ऑक्टोबर या राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिनी २०१७ साली फेसबुकनेही भारतात दात्यांची नोंदणी सुरू केली. साधन बदलले, पण वहीतील शिस्त नव्या साधनात आपोआप आली नाही. पुढील बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

तातडीच्या निरोपाची रचना

'अर्जंट! ओ निगेटिव्ह रक्त हवे. लहान मुलगी सिरीयस आहे. प्लीज जास्तीत जास्त फॉरवर्ड करा.' खाली एक मोबाइल क्रमांक. असा निरोप जवळजवळ प्रत्येक मराठी घरातील फोनवर कधी ना कधी आलेला असतो. त्यात तारीख नाही, रुग्णालय नाही, गावही नाही. एखाद्या दिवशी तो पूर्णपणे खरा होता. मुलीला रक्त मिळाले, ती घरी गेली, तरी निरोप फिरत राहिला. नांदेडचा निरोप सहा महिन्यांनी नवी मुंबईत पोचतो आणि तिथला दाता धडपडून त्या क्रमांकावर फोन करतो. असे दोन-तीन वेळा झाले की तोच दाता पुढचा खरा निरोपही वाचून सोडून देतो. हे नुकसान कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही, आणि माझ्या मते ते सर्वांत मोठे आहे.

याचे कारण तांत्रिक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणाऱ्याला ठरावीक मुदतीत स्वतःचा संदेश पुसता येतो, परंतु दुसऱ्यांनी पुढे पाठवलेल्या प्रती पुसता येत नाहीत. २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आली. तिने वेग कमी झाला, निरोपाचे आयुष्य कमी झाले नाही. त्यामुळे निरोपाची मुदत निरोपातच लिहिलेली असणे आवश्यक ठरते. पुरेसा निरोप असा असतो :

'बी पॉझिटिव्ह. प्लेटलेट्स, एसडीपी. १ दाता हवा. सोलापूर, अमुक रक्तपेढी. मंगळवार दि. १२, सायंकाळी ६ पर्यंत. त्यानंतर हा निरोप पुढे पाठवू नये. संपर्क : संस्थेचा क्रमांक.'

रक्तगट, घटक, संख्या, ठिकाण, मुदत आणि संपर्क एवढ्या सहा गोष्टींत निरोप पूर्ण होतो. शक्य असल्यास त्याला संस्थेच्या पानाचा दुवा जोडता येतो. गरज भागली की पानावर तशी नोंद होते आणि जुनी प्रत उघडणाऱ्यालाही ती दिसते.

निरोपाआधीची खातरजमा

संदेश पाठवण्यापूर्वीचे दोन फोन फार मोलाचे असतात. पहिला रुग्णालयाला : मागणी खरी आहे का, नेमके काय हवे आहे? दुसरा जवळच्या रक्तपेढ्यांना, कारण पुष्कळदा हवी ती पिशवी दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या पेढीत शिल्लक असते आणि नातेवाइकांना त्याची कल्पना नसते. केंद्र सरकारच्या ई-रक्तकोश या संकेतस्थळावरही पेढ्यांमधील साठा पाहता येतो. साठ्याने काम भागत असेल तर दात्याला हाक मारण्याचे कारण उरत नाही. त्याचे रक्त त्याच्या शरीरातच अधिक सुरक्षित राहते.

घटक आणि दाता

'रक्त हवे' हे दोन शब्द वैद्यकीयदृष्ट्या अपुरे आहेत. पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ आली की प्लेटलेट्सची मागणी वाढते. त्या साध्या पिशवीतूनही वेगळ्या काढता येतात किंवा एकाच दात्याकडून यंत्राद्वारे घेता येतात. दुसऱ्या पद्धतीला एसडीपी म्हणतात. तिला तासाहून अधिक वेळ लागतो आणि दात्याच्या हाताची शीर चांगली असावी लागते. दुपारच्या सुट्टीत धावत आलेल्या दात्याला हे पेढीत पोचल्यावर कळले तर तो परत जातो.

गट नव्हे, यादी

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात १०२४ सदस्य मावतात. त्यांपैकी बहुतेकांचा रक्तगट मागणीशी जुळत नाही. भारतात आरएच निगेटिव्ह व्यक्ती साधारण पाच टक्के आहेत. म्हणजे निगेटिव्ह रक्ताचा प्रत्येक निरोप गटातील शंभरातील पंच्याण्णव जणांसाठी निरुपयोगी ठरतो. सकाळच्या शुभेच्छा आणि सणांची चित्रे त्यात मिसळली की लोक गटाचा आवाज बंद करतात.

यापेक्षा यादी अधिक उपयोगी पडते. नाव, रक्तगट, परिसर, संपर्क, शेवटच्या रक्तदानाची तारीख आणि पुढची पात्र तारीख एवढे रकाने पुरतात. पुरुषाला ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. १ मे रोजी रक्त दिलेला पुरुष ३० जुलैला आणि स्त्री २९ ऑगस्टला पुन्हा पात्र होते. ही तारीख रकान्यात असली की कार्यकर्ता नेमक्या आठ-दहा पात्र दात्यांनाच निरोप धाडतो. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी यासाठी सोयीची आहे. परंतु तीत जास्तीत जास्त २५६ नावे बसतात आणि ज्यांनी संस्थेचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून शिबिरात चहा-बिस्किटांच्या टेबलावरच क्रमांक जतन करून घेण्याची पद्धत चांगली.

बॉम्बे रक्तगट

सोशल मीडियाचा निर्विवाद उपयोग दिसतो तो दुर्मिळ गटांसाठी. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला एक गट १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगापुढे आला आणि शहराच्या नावाने ओळखला जाऊ लागला. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर एच हा प्रतिजन नसतो. साध्या तपासणीत त्यांचा गट 'ओ' भासतो, पण ओ गटाचे रक्त त्यांना चालत नाही. फक्त बॉम्बे गटाचेच चालते. भारतात त्यांचे प्रमाण सुमारे दहा हजारांत एक मानले जाते. एका जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दाते असताना राज्याबाहेरच्या दात्यापर्यंत तासाभरात पोचण्याचे दुसरे साधन नाही. निरोपात मात्र 'बॉम्बे गट' हे शब्द प्रथम आणि ठळक असावे लागतात. नुसते 'ओ' वाचून वीस जण पेढीत येतात आणि रिकाम्या हाताने परततात.

शिबिरांची जाहिरात

पुढाऱ्यांचे वाढदिवस, जयंत्या आणि गणेशोत्सव या काळात शिबिरांची गर्दी होते, तर मे महिन्यात महाविद्यालये बंद असल्याने साठा आटतो. इन्स्टाग्रामवरील रील किंवा फेसबुकवरील आवाहन ही दरी वाढवूही शकते, कारण ज्या दिवशी वातावरण तापलेले असते त्याच दिवशी ते सर्वाधिक पाहिले जाते. पेढीला त्या दिवशी नको असलेल्या पिशव्या ३५ दिवसांनी टाकून देण्याची वेळ येऊ शकते. विचारी संस्था पेढीशी बोलून तारीख ठरवते आणि उत्सवातील उत्साही दात्यांची नावे महिनाभरात विभागते.

जाहिरातीतच पात्रता सांगितल्याने बराच मनस्ताप वाचतो : वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, वर्षभरात टॅटू काढलेला नसावा. हिमोग्लोबिन कमी भरल्याने परत जाणाऱ्यांत स्त्रिया बऱ्याच असतात. त्यांच्यासाठी आहाराची आणि तपासणीची माहिती देणारी छोटी चित्रफीत ही संस्थेची स्वतंत्र आणि दूरगामी सेवा ठरते.

गोपनीयता

रुग्णाचे छायाचित्र, केसपेपर आणि घरच्यांचा क्रमांक निरोपात टाकल्याने कळकळ वाढते, पण तोच क्रमांक पैसे मागणाऱ्या दलालांच्याही हाती जातो. संपर्क संस्थेचाच असावा हे त्यामुळे. दात्यांच्या बाबतीत आणखी जपावे लागते. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. कोणाचे रक्त नाकारले गेले याची खूण सामूहिक छायाचित्रातून किंवा नावांच्या यादीतूनही बाहेर पडता कामा नये.

मोजमाप आणि पोच

पसंतीच्या अंगठ्यांवरून पिशव्यांचा अंदाज बांधता येत नाही. किती जणांना निरोप गेला, किती आले, किती पात्र ठरले, किती जणांनी रक्त दिले, आणि त्यांपैकी किती जण वर्षात पुन्हा आले, हे पाच आकडे पुरतात. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण नियमित दात्याची तपासणी वेळोवेळी झालेली असते आणि त्याचे रक्त अधिक सुरक्षित मानले जाते.

त्याला पुन्हा आणणारी गोष्ट साधी आहे. स्वीडनमध्ये रक्त वापरले गेले की दात्याच्या मोबाइलवर तसा लघुसंदेश पाठवण्याची पद्धत सुरू झाली. रुग्णाचे नाव त्यात नसते. प्रत्येक पिशवीवर क्रमांक असल्याने पेढीच्या मदतीने इकडेही असे करता येते : १ मे रोजी दिलेली पिशवी रुग्णापर्यंत पोचली एवढीच एक ओळ, आणि तिच्याखाली ३० जुलै ही पुढची पात्र तारीख.