आठळी फुटते का?

मे-जूनमध्ये वाशीच्या घाऊक फळबाजारात फणसांचे ढीग लागले की नवी मुंबईतल्या कोकणी घरांत आठळ्या भाजण्याचा खमंग वास सुटतो. गरे संपले तरी आठळ्या फेकायच्या नाहीत, हा तिथला जुना शिरस्ता. कोरियातही थंडीच्या दिवसांत रस्त्याकडेला चेस्टनट असेच भाजून मिळतात आणि तिथल्या लोकांच्या बालपणाच्या आठवणींत त्यांचाच वास असतो. फणस वड-उंबराच्या कुळातला, चेस्टनट ओकच्या; पण दोन्हींचा स्वभाव सारखा. बदाम-शेंगदाण्यासारखं भरपूर तेल नाही, स्टार्च मात्र रग्गड.

ताज्या आठळीत निम्म्याच्या आसपास पाणी असतं. निखाऱ्यावर त्याची वाफ होते, चिवट सालीआड कोंडते आणि आठळी फटकन फुटून चुलीबाहेर उडते. म्हणून भाजण्याआधी सुरीने सालीला एक चीर द्यावी. चेस्टनटलाही तीच देतात. आत स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, गर पिठूळ होतो. पृष्ठभाग १४० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यात मेयार्ड प्रक्रिया वेगाने होते. खरपूस रंग-वास तिचाच.

कच्ची आठळी मात्र खाऊ नये. तिच्यातले ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. उष्णतेने ते बरेचसे निकामी होतात. चूल नसेल तर मिठाच्या पाण्यात घालून कुकरमध्ये उकडाव्यात. उरलेल्या दुसऱ्या दिवशी आमटीत!