विमान जोडणारे हात

आपल्या धाराशिव जिल्ह्यात शेताच्या बांधावर उभे राहिले, की उंच आभाळात पांढरी रेघ ओढत जाणारे विमान दिसते. पोरे हात हलवतात. मोठी माणसे विचारतात, एवढे अवजड धूड बनवतात तरी कसे? त्याचीच थोडी माहिती आम्ही येथे देत आहोत.

आधी आपली एस.टी. घेऊ. कंपनीकडून चेसिस यायची आणि चिकलठाण्याच्या वर्कशॉपमध्ये तिच्यावर बॉडी चढायची. विमानाला अशी चेसिस नसते. नळकांड्यासारखे धड आणि त्याची कातडी, हीच सारा भार पेलतात. म्हणून जोड कच्चा राहून चालत नाही.

बोईंग कंपनीचे ७८७ हे विमान एअर इंडियाकडे २०१२ पासून आहे. त्याचे सुटे भाग सुमारे २३ लाख. पंख जपानच्या नागोयाहून येतात, मधले धड इटली व जपानमधून, नाक अमेरिकेतल्याच विचिटाहून. एवढे मोठे तुकडे लवकर आणायचे, म्हणून कंपनीने ७४७ जातीच्या विमानांची पाठ फुगवून त्यांचे चक्क मालट्रक केले! धड पत्र्याचे नसते. कार्बनच्या धाग्यांची चिकट पट्टी यंत्राने साच्याभोवती गुंडाळतात आणि भल्यामोठ्या भट्टीत उष्णता व दाब देऊन पक्की करतात. घरचा प्रेशर कुकर वाड्याएवढा झाला असे समजा.

शेवटची जोडणी २०२१ पासून फक्त नॉर्थ चार्ल्स्टन या अमेरिकन शहरात होते. धडाचे तुकडे एका रेषेत आणून जोडायचे, मग पंख, शेपूट, इंजिने, मैलोगणती वायर, शेवटी खुर्च्या. त्या खुर्च्यांखालच्या फरशीला आधार देणाऱ्या कार्बनच्या आडव्या तुळया मात्र आपल्या नागपुरात, मिहानमधील टाटा समूहाच्या कारखान्यात बनल्या. बोईंगने ते काम २००८ साली दिले. आयटीआयला फिटर, मशिनिस्ट शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावे.

घाई येथे महागात पडते. ८ जुलै २००७ रोजी पहिले ७८७ थाटात लोकांसमोर आणले. बाहेरून झकपक, आत बरेचसे पोकळ. पक्के बोल्ट पुरेसे नसल्याने तात्पुरते लावलेले. ते आकाशात उडायला १५ डिसेंबर २००९ उजाडला.

त्याच कंपनीच्या ७३७ मॅक्स ९ विमानाची गोष्ट याहून गंभीर. कारखान्यात काही रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी, दाराची जागा बंद करणारे झाकण कामगारांनी उघडले. परत बसवताना त्याला पक्के धरणारे चार बोल्ट लावायचे राहिले. झाकण काढल्याची कागदोपत्री नोंदच नव्हती, तेव्हा पुढच्या तपासनिसाला संशय तरी कसा यावा? आमचा जन्म रजिस्टरे भरण्यात गेला. नोंदीला कंटाळून 'नंतर लिहू' म्हणणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत; पण येथे त्या एका कोऱ्या रकान्यावर १७७ जीव टांगलेले होते. ५ जानेवारी २०२४ रोजी सुमारे १६ हजार फुटांवर ते झाकण उडून गेले आणि विमानाला दाराएवढे भगदाड पडले. एका मुलाचा अंगातला शर्ट वाऱ्याने ओढून नेला. विमान सुखरूप उतरले. भगदाडालगतच्या दोन खुर्च्या त्या दिवशी रिकाम्या होत्या.