पिल्लांच्या ब्रूडरमध्ये तापमान सेन्सर बसवताय? एक छोटा रेझिस्टर विसरू नका

कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण ३२ ते ३५ अंश ऊब लागते. रात्री बल्ब गेला की सकाळी पिल्लं कोपऱ्यात चेंगरून मेलेली सापडतात. लक्ष ठेवायला डीएस१८बी२० हा वॉटरप्रूफ सेन्सर आर्डुइनो बोर्डाला जोडता येतो.

वायरी तीनच. लाल ५ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी डेटा पिनला. (रंग दरवेळी हेच असतील असं नाही, विकत घेतानाच विचारा. उलटं जोडलं तर सेन्सर चटका बसेल इतका तापतो.) लाल आणि पिवळीच्या मध्ये ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर लागतोच. मॉड्यूलच्या पट्टीवर तो बहुधा आधीच असतो, सुट्या सेन्सरला नसतो. बऱ्याच जणांचं घोडं इथंच अडतं. प्रोग्रॅमसाठी ‘वनवायर’ आणि ‘डॅलस टेम्परेचर’ या दोन लायब्ररी टाका.

स्क्रीनवर उणे १२७ दिसलं तर ते तापमान नव्हे, सेन्सरशी संपर्क तुटलाय. ८५ दिसलं तर घाबरून बल्ब बंद करू नका. सेन्सर नुकताच चालू झालाय, मोजणी व्हायचीय. तोच आकडा राहिला तर जोडणी तपासा.

बसवण्याआधी सेन्सर बर्फाच्या पाण्यात ढवळून बघा, शून्याच्या अर्धा अंश मागंपुढं चालेल. तो बल्बखाली टांगू नका, पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ठेवा. आणि पिल्लं गोळा होऊन बसली असतील तर आकडा काहीही सांगो, ऊब वाढवा.