कुत्रे पाळण्यापूर्वी

गोठ्याच्या व पिकाच्या राखणीसाठी कुत्रे पाळण्याची चाल जुनी आहे. परंतु पिलू घरी आणण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी ध्यानात घ्यावे की, कुत्रे १०-१२ वर्षे जगते व तितकी वर्षे त्याच्या अन्नाची व आरोग्याची जबाबदारी घरावर राहते. पिलू ३ महिन्यांचे होताच पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढे पशुवैद्यांच्या सल्ल्याने दरवर्षी टोचावी. हा रोग माणसास वा गुरास जडून लक्षणे दिसू लागली, की उपाय जवळजवळ उरत नाही. कुत्रे चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा; हळद-चुना लावून वेळ दवडू नये. लसीची तजवीज होत नसेल, तर कुत्रे न पाळणेच हिताचे.